बोर्डावर होतं तसंच

आबा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? गिअरबॉक्सच्या त्या पॅटर्नबद्दल सांगायचंय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. दर वर्षी तुमच्या तिथीला पान वाढताना हेच माझ्या घशाशी येतं आणि दर वर्षी मी ते गिळते. तोंडानं सांगायची वेळ होती तेव्हा दातखीळ बसली होती, आता कागदावर तरी उतरतंय का बघते. सगळं पहिल्यापासून मांडणार आहे. त्यातलं निम्मं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण मधलं काही गाळलं की मी सोयीचं तेवढंच सांगेन. मला मी चांगली ओळखते.

मंगळवार पेठेतल्या आपल्या घराची पुढची खोली म्हणजे तुमचं दुकान. उंबऱ्यापर्यंत सागवानाचा भुसा, सरसाचा वास, आणि भाकरीत भुसा येतो म्हणून आईची रोजची कटकट. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा उठवतात, आणि तो उठवायला हव्या त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. तो पॅटर्न तुम्ही करायचा. काम पुरं झालं की खालच्या अंगाला चांदणीची बारकी खूण ठोकायचा. ती खूण दिसली की शिरोलीच्या आपल्या शेठच्या फाउंड्रीत आधी एक नग ओतून तपासायचीसुद्धा पद्धत नव्हती, पॅटर्न थेट कामावर चढायचा. बाकीच्या मिस्त्रींचा माल तपासून घ्यायचे, तुमचा नाही. याचा तुम्हाला किती अभिमान होता हे तुम्ही कधी बोलला नाहीत, पण खूण ठोकायच्या आधी हात धुऊन यायचात, ते मी बघत होते.

मी सहावी-सातवीत असेन. तुम्ही जेवायला आत गेलेलात आणि मी माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीनं एका फळीवर मापं टाकायला बसले, तुम्हाला मदत म्हणून. तुम्ही आलात, फळी बघितलीत आणि पट्टी माझ्या हातातून ओढून घेऊन मोडलीत. ‘ह्या पट्टीनं वही आखायची,’ म्हणालात. मी रडले. मग संध्याकाळी तुम्ही मला जवळ बसवून तुमची पितळी पट्टी दाखवलीत. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करायचा, आणि प्रत्येक मापाला हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच मोठी असते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा साधारण तीन मिलिमीटर लांब. आट पट्टीतच धरलेली. बाहेरच्या माणसाला ती पट्टी खोटी वाटेल, तुम्ही म्हणालात, पण ओतल्यावर खरं माप तीच देते. त्या दिवसापासून मला तुमच्या खोलीत बसायची मुभा मिळाली. मिस्त्रीला पोरगा नाही म्हणून पोरीला रंधा धरायला लावतोय, असं गल्लीत म्हणायचे. तुम्ही त्यांना कधी उत्तर दिलं नाहीत. मला मात्र एकदा म्हणालात, त्यांच्या तोंडाला फळी ठोकायला आपल्याकडं सागवान न्हाय.

डिप्लोमा पास झाले तेव्हा तुम्ही व्हर्निअर आणून दिलात, नवाकोरा, मखमली डबीतला. आईनं विचारलं, पोरीला कोण असलं देतं, एखादी साडी आणायची. तुम्ही म्हणालात, साडी नवरा आणंल की. नवरा काही आणला नाही मी, व्हर्निअर अजून आहे. शिरोलीत कंट्रोल पॅनेल दुरुस्त करायच्या नोकरीला लागले, आणि तिथं पहिल्यांदा आकड्यांवर चालणारं मशीन बघितलं. कॉम्प्युटरला आकडे द्यायचे, हत्यार बरोबर तेवढंच सरकतं. घरी येऊन जेवताना तुम्हाला सांगितलं. मला वाटलेलं तुम्ही हसाल, नाहीतर चिडाल. तुम्ही घास हातात धरून एवढंच विचारलंत, ‘लाकडात चालंल काय?’

तिथून सुरू झालं. विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून घरीच करायचं ठरलं. भंगारातून आणलेल्या जुन्या प्रिंटरच्या मोटारी, स्वयंपाकघराच्या कपाटाला लावतात ते ड्रॉवरचे चॅनेल, हार्डवेअरच्या दुकानातला थ्रेडिंगचा रॉड, प्लायवूडची चौकट, त्यावर बांधलेलं तुमचं लाकूड कोरायचं हातातलं राऊटर, आणि एक जुना कॉम्प्युटर, जो तापला की रुसायचा. प्रोग्राम मी स्वतः लिहिला. पहिल्यांदा गोल काप म्हणून सांगितलं तर त्यानं बटाटा कापला. मी आठवडाभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले. तुम्ही आलात, चालत्या मशीनच्या, राऊटर सरकवणाऱ्या गाड्यावर अंगठा ठेवलात, आणि म्हणालात की रॉड उलटा फिरला की गाडा आधी जरा दम घेतो, मग हलतो. तेच होतं. नट सैल होता. तुम्ही गनमेटलचा नट करवतीनं मधोमध चिरून, दोन्ही तुकड्यांत स्प्रिंग घालून बसवलात, आणि गाड्याचा दम घेणं थांबलं. रॉडवर भुसा जाऊ नये म्हणून रिक्षाचं हूड शिवणाऱ्याकडून रेक्झिनचा भाता शिवून आणलात. तो माणूस महिनाभर विचारत होता, मिस्त्री, पेटी वाजवायला लागला काय.

मग पावसाळा आला आणि प्लायवूडची चौकट फुगली. राधानगरीकडनं ढग आले की मशीनची एक बाजू पाव मिलिमीटर वर उचलायची, ऊन पडलं की खाली. मी कपाळाला हात लावून बसले. पंधरा दिवस तुम्ही खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून काहीतरी घडवत होता, मी विचारलं तर ‘फाउंड्रीचं हाय’ म्हणायचात. एक दिवस टेम्पो आला आणि त्यातून बिडाचे चार भाग उतरले, मशीनचा पाट, दोन खांब आणि वरची आडवी बाजू. तुम्ही माझ्या मशीनचे पॅटर्न केले होते, शेठकडून ओतून, घासून आणले होते. चारही भाग एकमेकांवर बसवले तेव्हा सांध्यात कागद जात नव्हता. तुमच्या हातच्या कामात मी यापेक्षा सरस काही बघितलं नाही. आणि ज्याच्यामुळं हाताचं काम संपणार त्याच्यासाठी तुम्ही ते केलंत. हे तेव्हा मला सुचलंसुद्धा नाही. मी नुसती नाचत होते.

वर्षभर बारकी कामं केली. कागदावरच्या नकाशातले आकडे मी टाइप करायची. नकाशात खरी मापं असतात, म्हणून प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती. प्रत्येक मापात शेकडा एक वाढवायचं, आट धरायला. तुमची पट्टी जे करते तेच ती ओळ करायची. मी तुम्हाला एकदा मोठ्या ऐटीत दाखवलीही होती, पण तुम्हाला पडद्यावरचं वाचायचा कंटाळा, ‘बरं हाय’ म्हणून उठलात. शेठनं ती कामं बघितली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, मोठं काम देतो, जमलं तर पुढचं सगळं या मशीनवर. मी दुसऱ्याच दिवशी नोकरीचा राजीनामा दिला. गल्लीत मला येडी म्हणाले. तुमच्या सख्ख्या भावानं घरी येऊन सुनावलं की पोरीचं खेळणं झालं, मिस्त्रीचं नाव घालवणार. तुम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावलंत.

मोठं काम म्हणजे गिअरबॉक्सचं घर, त्याचं बाहेरचं कवच. आकार इतका वेडावाकडा की नुसत्या कागदावरून मला उमजेना. तेव्हा तुम्ही तुमच्या जुन्या रीतीनं पांढरा रंग दिलेल्या बोर्डावर अख्खं चित्र खऱ्या आकारात उतरवलंत, चार दिवस गुडघ्यावर बसून, तुमच्या पट्टीनं. मी त्या बोर्डावर व्हर्निअर आणि टेप लावून एकेक माप घेतलं आणि मशीनला दिलं. म्हणजे आबा, आट त्या बोर्डात आधीच होती, आणि प्रोग्राममधली माझी ओळ तशीच होती. तुम्ही मला विचारलं होतंत. अगदी स्पष्ट विचारलं होतंत, दारात उभं राहून, ‘आट धरली हायस न्हवं?’ आणि मी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं, ‘व्हय की, धरली.’ तुम्हाला वाटलं मी बोर्डावरच्या आटीबद्दल बोलतेय. मला वाटलं तुम्ही माझ्या ओळीबद्दल विचारताय. कुणाच्याच डोक्यात आलं नाही की ती दोनदा धरली गेलीय.

मशीननं तीन दिवस कापलं. पॅटर्न असा गुळगुळीत निघाला की तुम्ही त्याच्यावरनं हात फिरवत राहिलात. मग सवयीप्रमाणे पट्टी घेतलीत, मोजायला. आणि मी फुरंगटले. म्हटलं, आबा, मशीननं कापलंय, आता तरी विश्वास ठेवा की. आता लिहिताना माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तुम्ही पट्टीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत, आणि पट्टी खिळ्याला अडकवून टाकलीत. हात धुऊन आलात आणि चांदणी ठोकलीत. माझ्या मशीनच्या कामावर, तुमची. दुसऱ्या कामाला बोर्ड हवा होता म्हणून त्याच दुपारी मी तो रंध्यानं तासून पुन्हा पांढरा केला.

फाउंड्रीनं नेहमीसारखं न तपासता चाळीस नग ओतले. फोन आला तसे आपण दोघं माझ्या गाडीवरून गेलो. शेडमध्ये नग रांगेनं मांडले होते आणि शेठ एका नगावर हात ठेवून उभा होता. शाफ्टसाठी भोक पाडायला गेले तर एका बाजूला लोखंड जास्त आणि दुसरी बाजू कागदासारखी पातळ. लांबीत चार मिलिमीटरनं मोठं झालं होतं. चाळीसच्या चाळीस पुन्हा भट्टीत. शेठ ओरडला नाही, तेच वाईट होतं. मशीननं घोळ केला काय, त्यानं मला विचारलं. मला तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, बोर्डावर होतं तसंच कापलंय. सगळे तुमच्याकडं बघायला लागले. मोल्डिंगची माणसंसुद्धा फावडी टेकून बघत होती. तुम्ही पॅटर्न उचलून घेतलात, उलटा केलात, चांदणीवरून अंगठा फिरवलात.

‘मग माझंच चुकलं असंल,’ तुम्ही म्हणालात.

शेठनं तुमच्या खांद्यावर हात ठेवला. वय झालं, मिस्त्री, व्हतंय असं, म्हणाला. परत येताना गाडीवर तुम्ही पॅटर्न मांडीवर धरून बसलेलात.

घरी आल्यावर मी कॉम्प्युटर लावला. दहा मिनिटंही लागली नाहीत. ती ओळ तिथंच होती. आणि लगेच मी काय केलं माहीत आहे? मी ती ओळ पुसली. तुम्ही शेजारच्या खोलीत होता, आई तुम्हाला पाणी देत होती, तिचा आवाज मला ऐकू येत होता. उठून चार पावलं यायचं होतं. मी बसून राहिले. मनाशी म्हटलं, उद्या सांगू, आज ते दमलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच आलात. पॅटर्न मोजून झाला होता. तुमच्या पट्टीनंही तो चार मिलिमीटर मोठा भरत होता, आणि तुम्ही रात्रभर एकच प्रश्न घोळवत असणार, चूक बोर्डात की मशीनमध्ये. बोर्ड तर मी तासून टाकलेला. म्हणजे सांगणारी एकटी मीच उरले होते. तुम्ही स्टूल ओढून माझ्यासमोर बसलात आणि फार हळू आवाजात विचारलंत, मला आठवत नाही तुम्ही आधी कधी इतक्या हळू बोलला होता.

‘पोरी, रागावत न्हाय मी. खरं सांग. मशीनमधी तर काय न्हवतं न्हवं?’

‘न्हाय आबा. बोर्डावर होतं तसंच कापलं.’

तेच वाक्य. आदल्या दिवशी ते अज्ञान होतं, त्या दिवशी खोटं. नोकरी सोडलेली, गल्ली हसायला टपलेली, शेठच्या मनातून मशीन उतरलं तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, ही सगळी कारणं मी स्वतःला नंतर दिली. त्या क्षणी एकही कारण मनात नव्हतं. मी नुसती घाबरले होते. तुम्ही मान हलवलीत. ‘बरं. मशीन चांगलं हाय मग,’ म्हणालात, आणि आबा, तुम्हाला बरं वाटलं होतं. माझ्या मशीनमध्ये खोट नाही म्हणून तुमच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते बघूनही मी बोलले नाही.

पुढं सगळं माझ्या भल्याचंच होत गेलं. फाउंड्रीत बोललं गेलं की मशीन चुकत नाही, म्हातारा चुकला. शेठनं हाताचं काम देणं बंद केलं आणि मशीनला दुप्पट दिलं. बाकीच्या फाउंड्र्याही यायला लागल्या. मी मोटारी बदलल्या, रॉडच्या जागी चांगले स्क्रू घातले, मशीन सुधारत गेलं. तुम्ही त्याच खोलीत, दारालगत, खुर्ची टाकून बसलेले. कुणी कौतुकानं खूण ठोकायला सांगितली तर हात मागं घ्यायचात. शिरोलीत जाणं सोडलंत, तिथल्या गेटवरचा चहा सोडलात.

आणि मोजत राहायचात. हे मला विसरता येत नाही. दाराची रुंदी, पाटाची लांबी, विटेची जाडी, देवघराची चौकट. मोजायचं, खडूनं भिंतीवर आकडा लिहायचा, पुसायचा, पुन्हा मोजायचं. मग मला हाक मारायचात, जरा बघ गं, किती येतंय. मी व्हर्निअर लावून सांगायची. तुमचं माप दर वेळी बरोबर असायचं. दर वेळी. केसाचाही फरक नाही. मी सांगायची, आबा, अगदी बरोबर आहे. तुम्ही माझ्याकडं बघून हसायचात, आणि एकदा म्हणालात, आजारी माणसाला बरा दिसतोस म्हणतात तसं बोलू नकोस. तुम्हाला वाटायचं मी तुमची समजूत घालतेय. माझ्या तोंडचं खरं तुम्हाला खोटं वाटत होतं, आणि जे खोटं होतं ते तुम्ही उराशी धरून बसला होता. त्या वेळी एक वाक्य बोलले असते तर तुम्ही पटाशी पुन्हा हातात घेतली असतीत. मला दोन शिव्या घातल्या असत्यात, शेठकडं जाऊन चांदणीवरचा डाग पुसून आला असतात, आणि मशीनचंही काहीतरी निभावलं असतं. निभावलं नसतं तरी चाललं असतं, हे आज कळतं.

अशी दोन वर्षं तुम्ही जगलात. एका घरात, एका ताटलीतलं खात होतो. वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही. एका सकाळी तोंड धुताना मोरीतच खाली बसलात आणि उठला नाहीत. घाटावर शेठ आला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, सोन्यासारखा हात होता, शेवटी तेवढा गेला. मी मडकं खांद्यावर घेऊन उभी होते. पोरीनं अग्नी द्यायचा की नाही यावर आपल्या लोकांत बराच वाद झालेला, तो जिंकून उभी होते. वाद घालताना माझा आवाज बंद पडला नव्हता.

तुमचा हात गेला नव्हता, आबा. बोर्ड बरोबर होता. तुम्ही काढलेलं ते चित्र केसाचं चुकलं नव्हतं. चूक माझी होती आणि ती मला त्याच दिवशी सापडली होती.

हे लिहून झालं म्हणून मोकळं वाटेल असं वाटलेलं, पण तसं काही झालं नाही. ज्यांना सांगायला हवं त्यातले तुम्ही उरला नाहीत, शेठ अंथरुणाला खिळलाय. आई आहे. काल मिरजेहून पाहुणे आलते, त्यांना ती नेहमीचं सांगत होती, ह्यांचा हात लई चांगला, शेवटची दोन वर्षं तेवढी नजर दगा देत होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, व्हय की न्हाय गं? मी ‘व्हय’ म्हटलं. आत्ता ती चहा घेऊन आली होती, एवढं काय लिहालीस म्हणाली. कोटेशन, मी म्हटलं, आणि कागदावर हात ठेवला. तिला वाचता येतं, आबा.